ढग, धूळ आणि दुसरी बाटली

स्कॉटलंडमध्ये राहायचं, लेखाच्या शीर्षकात ‘बाटली’ हा शब्द घालायचा आणि लिहायचं मात्र ढगांवर! मंडळातल्या काही मित्रांचा यामुळे हिरमोड होणार, याची मला कल्पना आहे. पण आपल्या या दुसऱ्या घरी डोक्यावर ढग नाहीत असे दिवस मोजकेच. आणि गंमत म्हणजे, ढग कसा बनतो हे शोधून काढण्यात याच देशातल्या दोन माणसांचा फार मोठा वाटा आहे. त्यांनी ते शोधलं तेही काचेची भांडी आणि बाटल्या घेऊनच. तेव्हा शीर्षक अगदीच खोटं नाही.

शाळेत आपण सगळेच जलचक्र शिकलो. उन्हाने पाण्याची वाफ होते, वाफ वर जाते, वर थंडी असते म्हणून तिचं पुन्हा पाणी होतं, ढग बनतात आणि पाऊस पडतो. फळ्यावरची ती बाणांची गोल आकृती डोळ्यांपुढे आली असेल. त्यात खोटं काही नाही, पण एक पात्र गाळलेलं आहे. त्या पात्राचं नाव धूळ. हवेत धुळीचे, धुराचे किंवा मिठाचे अतिसूक्ष्म कण नसतील, तर हवा थंड झाली तरी आपल्या ओळखीचा ढग बनत नाही.

संस्कृतची गोडी असणाऱ्यांना इथे मेघदूत आठवेल. कालिदासाने मेघ कशाकशाचा बनतो हे सांगताना पाणी, वारा आणि तेज यांच्या जोडीला धूरही घेतला आहे. ‘बघा, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असं म्हणण्याचा मोह अशा वेळी होतो. कालिदासाची नजर थोर होती यात शंका नाही. पण एखादी गोष्ट सुचणं वेगळं आणि ती खरी आहे का हे तपासून दाखवणं वेगळं. तपासायला दुसरी बाटली लागते. ती कशी, हेच मला या लेखात सांगायचं आहे.

नावं ठेवली, पण जन्म कळेना

ढगांना शास्त्रीय नावं दिली ती लंडनच्या ल्यूक हॉवर्ड यांनी. हे गृहस्थ व्यवसायाने औषधनिर्माते. डिसेंबर १८०२ मध्ये एका छोट्या अभ्यासमंडळापुढे त्यांनी निबंध वाचला आणि सिरस, क्युम्युलस, स्ट्रॅटस आणि निंबस ही लॅटिन नावं सुचवली. हवामानखातं आजही त्याच नावांच्या आधारे ढगांची वर्गवारी करतं. जर्मन महाकवी गटे हॉवर्ड यांच्यावर इतका खूश झाला की त्याने त्यांच्या गौरवार्थ कविता लिहिली. थोडक्यात, बारसं थाटात झालं, पण बाळाचा जन्म कसा होतो हे कोणालाच नीट सांगता येत नव्हतं.

त्या प्रश्नाला पहिल्यांदा हात घातला तोही एका औषधशास्त्रज्ञानेच. पॅरिसचे पॉल-झां कूलिए. १८७५ साली त्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या चंबूत तळाशी थोडं पाणी घेतलं आणि चंबूच्या तोंडाला नळीने रबराचा पोकळ चेंडू जोडला. चेंडू दाबला की आतली हवा दाबली जाते, सोडला की ती प्रसरण पावते. प्रसरण पावणारी हवा थंड होते. (सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप गरम होतो, हा त्याचाच उलटा प्रकार.) चेंडू सोडल्याबरोबर चंबूत दाट धुकं दिसलं. इथपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे होतं.

पुढे मात्र नवल घडलं. तोच चंबू बराच वेळ तसाच ठेवला, आतलं पाणी खळबळून घेतलं आणि पुन्हा चेंडू दाबून सोडला, तर धुकं नाही! पाणी तेच, काच तीच, दाब तोच, तरी ढग गायब. मग कूलिए यांनी चंबूत खोलीतली ताजी हवा भरली, आणि धुकं परत आलं. नंतर त्यांनी तीच ताजी हवा कापसाच्या बोळ्यातून गाळून आत घेतली. पुन्हा धुकं नाही. म्हणजे कापसात अडकून राहणारं असं काहीतरी हवेत होतं, की ज्याच्यावाचून ढगाचं अडत होतं. ते म्हणजे सूक्ष्म कण. इतका सुंदर प्रयोग, पण तो औषधशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला. हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांच्या नजरेला तो सहजी पडला नाही.

फॉलकर्कचा घरबसल्या शास्त्रज्ञ

एडिंबरा आणि ग्लासगो यांच्या मधोमध फॉलकर्क हे गाव आहे. तिथे १८३९ साली जॉन एटकिन यांचा जन्म झाला. त्यांचं शिक्षण इंजिनिअरिंगचं. जहाजबांधणीच्या कारखान्यात उमेदवारीही केली, पण तब्येतीने साथ दिली नाही आणि व्यवसाय सोडावा लागला. मग त्यांनी घरीच प्रयोगशाळा थाटली आणि १९१९ साली मृत्यू येईपर्यंत कुठल्याही विद्यापीठाच्या नोकरीशिवाय संशोधन केलं. उपकरणंही बहुतेक स्वतःच्या हातची.

१८८० साली एटकिन यांनी जो प्रयोग केला, तो मला विज्ञानाच्या इतिहासातल्या सर्वांत नेटक्या प्रयोगांपैकी एक वाटतो. दोन मोठी काचपात्रं घेतली. एकात खोलीतली साधी हवा, दुसऱ्यात कापसातून गाळलेली हवा. दोन्हींत सारखीच वाफ सोडली. पहिलं पात्र पांढऱ्या धुक्याने गच्च भरून गेलं. दुसरं मात्र स्वच्छ, आरपार दिसणारं! वाफ दोन्हीकडे होती, पण दुसऱ्या पात्रात तिला बसायला जागा नव्हती.

त्या वर्षाच्या शेवटी एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. हवेत वाफेचं पाणी होतं ते नेहमी कुठल्या तरी कणावर. धूळ नसेल तर धुकं नाही, ढग नाहीत आणि बहुधा पाऊसही नाही. मग हवेतल्या जादा ओलाव्याचं काय होईल? तो मिळेल त्या पृष्ठभागावर जमेल. प्रत्येक गवताच्या पात्यावरून पाणी ठिबकेल, आपले कपडे चालता चालता भिजतील, आणि छत्रीचा काडीचाही उपयोग होणार नाही, कारण पाणी वरून पडणारच नाही. स्कॉटलंडमध्ये छत्रीचा असाही फारसा उपयोग होत नाही, पण ते वाऱ्यामुळे. एटकिन यांचा मुद्दा वेगळा होता!

आपल्याआधी कूलिए यांनी हे दाखवलं होतं, हे एटकिन यांना नंतर समजलं आणि त्यांनी ते मोकळेपणाने मान्य केलं. पुढे त्यांनी हवेतले कण मोजण्याचं छोटं यंत्र बनवलं. थोडी हवा आत घ्यायची, तिचं एकदम प्रसरण करायचं, प्रत्येक कणाभोवती थेंब तयार होऊन खाली आखलेल्या चौकटींवर पडतो, आणि ते थेंब भिंगातून मोजायचे. म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही त्याला ढगाचा अंगरखा घालून मोजायचं. हे यंत्र त्यांनी शहरांतून, डोंगरांवर आणि पॅरिसच्या आयफेल टॉवरवरसुद्धा वापरलं. अशा अतिसूक्ष्म कणांना आजही ‘एटकिन न्यूक्लिआय’ म्हणतात.

कोळशातल्या गंधकाच्या धुरावर फार दाट धुकं धरतं, हेही एटकिन यांच्या लक्षात आलं होतं. ज्या शहराला धुरकट म्हणून ‘ऑल्ड रीकी’ असं टोपणनाव पडलं, त्या एडिंबराच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला धुक्याचं हे अंग दिसावं हे साहजिकच. त्याची किंमत किती मोठी असू शकते हे डिसेंबर १९५२ मध्ये लंडनला कळलं. तिथल्या विषारी धुक्याने काही दिवसांत हजारो माणसं दगावली.

कणच का लागतो?

वाफेचे रेणू आपापसात एकत्र येऊन थेंब का बनवत नाहीत? याचं उत्तर ग्लासगो विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्या १८७१च्या सिद्धान्तात आहे. थेंब जितका लहान, तितका त्याचा पृष्ठभाग जास्त वळलेला. अशा पृष्ठभागावरच्या रेणूला शेजारी कमी, त्यामुळे त्याला धरून ठेवणारे हातही कमी. तो पटकन निसटतो. नुकता जन्मलेला थेंब वाढण्याआधीच वाळून जातो. पण आधीपासून एखादा कण असेल तर पाण्याला त्याच्यावर बसून मोठ्या आकारापासूनच सुरुवात करता येते. तो कण मिठाचा असेल तर उत्तमच. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं ना, तेच आकाशात घडतं. अरबी समुद्राच्या लाटा फुटताना उडालेल्या तुषारांतून मिठाचे कण हवेत जातात आणि कोकणावरच्या ढगांची ती एक पायाभरणीच असते.

ढगातला एक थेंब साधारण दोनशतांश मिलिमीटर व्यासाचा. असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावेत तेव्हा पावसाचा एक चांगला टपोरा थेंब तयार होतो.

रविवारच्या शाळेत

मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत मी मोठ्या मुलांचा वर्ग घेतो. एका रविवारी व्याकरणाला सुट्टी दिली आणि कूलिए यांचा प्रयोग करायचं ठरवलं. दोन-दोन लिटरच्या दोन पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्या घेतल्या. दोन्हींत दोन-तीन चमचे पाणी घालून, झाकणं घट्ट लावून, चांगल्या खळबळून त्या रात्रभर तशाच ठेवल्या, म्हणजे आतले कण बरेचसे खाली बसतात.

पहिली बाटली मुलांनी दोन्ही हातांनी जोरात दाबली आणि एकदम सोडली. जवळजवळ काहीच दिसलं नाही. मुलांचे चेहरे पडले. मग दुसऱ्या बाटलीचं झाकण उघडून मी पेटती काडी विझवली, तिचा किंचित धूर आत जाऊ दिला आणि झाकण लावलं. दाबली, सोडली, आणि बाटली पांढरी झाली! पुन्हा दाबली की ढग नाहीसा, सोडली की हजर. मागे काळा कागद धरला आणि बाजूने टॉर्च मारला तर फारच छान दिसतं. हॉलमध्ये आरडाओरडा सुरू झाला.

तेवढ्यात एक दहा वर्षांची मुलगी म्हणाली, “पण काका, काडी गरम होती. मेबी त्यामुळे झालं असेल. आणि तुम्ही झाकण पण उघडलं.”

मला मनापासून आनंद झाला. वर्गातला सर्वांत चांगला प्रश्न तोच होता. मी तिलाच विचारलं, मग आता काय करायचं? थोडा विचार करून तिने सांगितलं ते असं : पहिल्या बाटलीचंही झाकण तेवढाच वेळ उघडायचं, पण धूर घालायचा नाही. आणि धुराची बाटली दहा मिनिटं तशीच ठेवायची, गार झाली की मग दाबायची. तसं केलं. झाकण उघडलेल्या पहिल्या बाटलीत खोलीतली हवा गेल्यामुळे या वेळी अगदी विरळ धुकं दिसलं. गार झालेल्या धुराच्या बाटलीत मात्र ढग पूर्वीसारखाच दाट. काडीची ऊब कारण नव्हती, धूरच कारण होता.

माझा व्यवसाय आयटी सल्लागाराचा. सिस्टिम अडली की तीन जण तीन बदल एकदम करतात, सिस्टिम चालू होते, सगळे टाळ्या वाजवतात आणि नक्की कशामुळे चालू झाली हे कोणालाच माहीत नसतं. महिन्याभराने ती पुन्हा अडते. ‘एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि न बदललेली प्रत शेजारी ठेवा’ हा आमच्या धंद्यातला नियम म्हणजे एटकिन यांचं दुसरं काचपात्रच. त्या मुलीला तो नियम कोणी शिकवावा लागला नाही.

बेन नेव्हिसवरचे दोन आठवडे

आता दुसरा स्कॉटिश माणूस. ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस, १३४५ मीटर. १८८३ साली त्याच्या माथ्यावर हवामान वेधशाळा सुरू झाली आणि १९०४ साली पैशाअभावी बंद पडेपर्यंत तिथे रात्रंदिवस, दर तासाला नोंदी घेतल्या गेल्या. बर्फात गाडल्या जाणाऱ्या त्या दगडी घरात माणसं कशी राहिली असतील याची कल्पना करवत नाही. वेधशाळेला सामान नेण्यासाठी बांधलेली घोडवाट आजही चढाईसाठी वापरतात आणि माथ्यावर तिच्या भिंतींचे अवशेष आहेत. आम्ही सहकुटुंब चढून गेलो तेव्हा ते अवशेष दहा पावलांवर आल्यावर दिसले, कारण आम्ही ढगातच उभे होतो.

वेधशाळेच्या कर्मचाऱ्यांना उन्हाळ्यात विश्रांती मिळावी म्हणून तरुण शास्त्रज्ञ बदली म्हणून जात. सप्टेंबर १८९४ मध्ये असाच दोन आठवड्यांसाठी गेला चार्ल्स थॉमसन रीस विल्सन. एडिंबराजवळच्या ग्लेनकोर्समध्ये मेंढपाळ शेतकऱ्याच्या घरी १८६९ साली जन्मलेला, चार वर्षांचा असताना वडील गेलेले, शिष्यवृत्तीवर केंब्रिजला शिकलेला हा पंचवीस वर्षांचा तरुण. माथ्यावरून सूर्य पाठीशी असताना खालच्या ढगावर आपली सावली आणि तिच्याभोवती रंगीत कडी त्याने पाहिली आणि तो वेडावून गेला.

आपल्याकडच्या डोंगरभटक्यांनी हे दृश्य लगेच ओळखलं असेल. हेच आपलं इंद्रवज्र! हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून ते पाहायला लोक आजही जातात, आणि कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने तिथल्या गोल इंद्रधनुष्याचं केलेलं वर्णन १८३५ साली लंडनला छापून आलं होतं. रंगांची ही कडी दिसतात ती ढगातल्या थेंबांमुळे.

विल्सनला वाटलं, हे दृश्य प्रयोगशाळेत तयार करता येईल का? १८९५च्या सुरुवातीला केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत त्याने कूलिए आणि एटकिन यांच्याच पद्धतीने ढग बनवायला घेतले. काचेची उपकरणं तो स्वतः फुंकून बनवत असे. हवेतली धूळ त्याने पुन्हा पुन्हा ढग बनवून काढून टाकली, कारण प्रत्येक ढग खाली बसताना आपापले कण घेऊन जातो. आता नियमाप्रमाणे ढग बनायला नको होता, आणि साध्या प्रसरणाने तो बनलाही नाही. पण हवेचं आकारमान एकदम सव्वापट वाढवलं की थोडे थेंब दिसत. कितीही वेळा केलं तरी तेवढेच. धूळ असती तर ती संपली असती. हे कण संपत नव्हते, म्हणजे कोणीतरी ते सतत नव्याने तयार करत होतं.

इथे योगायोग बघा. १८९५च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. १८९६च्या सुरुवातीला विल्सनने ते आपल्या उपकरणावर सोडले, आणि थोड्या थेंबांच्या जागी दाट धुकं आलं. क्ष-किरणांनी हवेतल्या रेणूंना विद्युतभारित केलं होतं आणि पाणी त्या भारित रेणूंवर, म्हणजे आयनांवर बसत होतं. धुळीचं काम आता विजेचा भार करत होता.

हा धागा त्याने सोडला नाही. १९११ साली त्याने सुधारलेल्या ‘क्लाउड चेंबर’मध्ये एकेका किरणकणाच्या वाटेचा फोटो काढला. आकाशात फार उंचावरून जाणारं विमान दिसत नाही, पण मागे उरलेली पांढरी रेघ दिसते, तसंच हे. अणूच्या गाभ्यातून सुटलेला कण दिसत नाही, पण त्याने वाटेत तयार केलेल्या आयनांवर थेंब धरतात आणि पांढरी रेघ उमटते. अणूच्या आतले कण हा तोवर बराचसा गणिताचा आणि तर्काचा विषय होता. आता त्यांच्या वाटा डोळ्यांना दिसू लागल्या. विल्सनला १९२७ सालचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. १९३२ साली अमेरिकेत कार्ल अँडरसन यांनी पॉझिट्रॉन शोधला तो क्लाउड चेंबरमध्येच. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५०च्या दशकात उटीला असं उपकरण उभारून विश्वकिरणांचा अभ्यास केला.

विल्सनचं मन मात्र ढगांतच रमलेलं राहिलं. गडगडाटी ढगांतल्या विजेवरचा त्याचा शेवटचा निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला तेव्हा तो सत्त्याऐंशी वर्षांचा होता.

महाबळेश्वर ते सोलापूर

बेन नेव्हिसची उंची वाचून मला पहिल्यांदा महाबळेश्वर आठवलं होतं. तेही समुद्रसपाटीपासून साधारण तेवढ्याच उंचीवर. पावसाळ्यात तिथेही ढग घरात शिरतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ साली महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा सुरू केली. हवेत कण किती, कशाचे, आणि त्यांवर थेंब कसे धरतात हे तिथे मोजतात. एटकिन यांना ती फार आवडली असती.

मी मूळचा सोलापूरचा. महाबळेश्वरहून सोलापूर सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटर, पण सह्याद्री ओलांडताना ढग बहुतेक रिते होतात आणि आमच्या वाट्याला महाबळेश्वरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच पाऊस येतो. टँकरच्या रांगेत घागरी मोजत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना ढग हा विषय केवळ अभ्यासाचा राहत नाही. आभाळ भरून येतं आणि तसंच पुढे निघून जातं, हे आम्ही किती वेळा पाहिलं आहे!

अशा ढगांना पाडता येईल का? १९४६ साली अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी डीप फ्रीझरमध्ये स्वतःच्या श्वासाचा ढग बनवून त्यात कोरड्या बर्फाचा तुकडा टाकला आणि क्षणात हिमकण तयार झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विमानातून खऱ्या ढगावर तोच प्रयोग झाला आणि बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइडचे कण हेच काम करतात हे दाखवलं. त्यांचे वरिष्ठ अर्व्हिंग लँगम्यूर, नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ. न्यू मेक्सिकोत केलेल्या फवारणीने दूरच्या राज्यांतलाही पाऊस बदलला, असा दावा ते करू लागले. अमेरिकेच्या हवामानखात्यातल्या शास्त्रज्ञांनी विचारलं, असा पाऊस फवारणीशिवायही पडतोच की, मग तो तुमचा कशावरून? एवढ्या मोठ्या माणसाकडेही दुसरी बाटली नव्हती.

महाराष्ट्राने २००३ आणि २०१५ या दुष्काळी वर्षांत कृत्रिम पावसासाठी विमानं उडवली. आपल्यापैकी अनेकांनी त्या बातम्या इथे बसून वाचल्या असतील. विमान उडालं आणि संध्याकाळी सर आली, की गावाला वाटतं विमानाने पाऊस आणला. सर आली नाही, की सगळंच थोतांड. दोन्ही निष्कर्ष तितकेच कच्चे, कारण त्याच दिवशी विमान उडालं नसतं तर काय झालं असतं हे कोणी पाहिलेलं नसतं.

ते पाहण्याचा चिकाटीचा प्रयत्न आपल्याच लोकांनी केला आहे, हे मात्र फारसं कोणाला माहीत नाही. पुण्याच्या याच संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात अकरा पावसाळे बारामती भागात ढगांत मिठाची पूड फवारली. दोन शेजारचे पट्टे घेतले आणि कुठल्या दिवशी कुठे फवारायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. एकात फवारणी, दुसरा तसाच. म्हणजे दोन बाटल्याच! हिशोबात पावसात सुमारे २४ टक्के वाढ दिसली. नंतर २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूरच्या आकाशात आधुनिक विमानं आणि रडार घेऊन तसाच प्रयोग झाला. काही ढगांत कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले, तसेच काही ढग मुद्दाम मोकळे सोडले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार फवारणीच्या ठिकाणापासून वाऱ्याच्या दिशेने सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस पडला.

अठरा टक्के म्हणजे चमत्कार नव्हे. आकाशात योग्य ढगच नसेल तर फवारणी तो निर्माण करू शकत नाही, आणि दुष्काळात नेमके तेच ढग कमी असतात. शिवाय कण जास्त झाले की पाणी बारीक थेंबांत वाटलं जातं आणि तो ढग लवकर बरसत नाही, म्हणून शहरांचा धूर पावसाला अडसरही ठरू शकतो. पण अठरा हा आकडा तपासलेला आहे. उद्या कोणी पन्नास टक्क्यांचं आश्वासन देऊन जिल्ह्याची तिजोरी रिकामी करायला आला, तर त्याला एकच प्रश्न विचारावा : तुमची दुसरी बाटली कुठे आहे?

वाचकहो, पुढच्या पावसाळी शनिवारी (इथे तो शोधावा लागत नाही) मुलांना घेऊन दोन रिकाम्या बाटल्या, थोडं पाणी आणि एक काडेपेटी एवढंच जमवा. काडी मात्र मोठ्यांनीच पेटवावी. ढग दिसला की मुलं आनंदाने ओरडतील. त्यानंतर ती “पण कशावरून?” असं विचारतील, तेव्हा त्यांना उत्तर देण्याची घाई करू नका. दुसरी बाटली त्यांच्या हातात द्या.